पुतळाबाईंच्या लग्नाचा निकाल

८ फेब्रुवारी १९८१, रविवार

सकाळीच मल्हारी आला. चहा नको म्हणाला, म्हणजे प्रकरण गंभीर. त्याची आई पुतळाबाई, साठीला टेकलेली विधवा बाई, दुसरं लग्न करायचं म्हणते! नवरदेव भिमाजी — एसटीतला रिटायर ड्रायव्हर, विधुर, मागच्याच गल्लीतला.

"सावळीरामभाऊ, तुम्ही कॉलनीचे सेक्रेटरी. आईला समजवा."

मी म्हटलं, मी समजावत नसतो. विचार करून सांगतो. आतून माझी बायको लता हसली. का, ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी

ऑफिसात फाइली तशाच राहिल्या. पण कसोटी सापडली. शोभतं का, लोक काय म्हणतील, हे सगळं बाजूला. लग्न झालं तर कोणाचं बरं, कोणाचं वाईट? बस्स.

घरी माझ्या आईचं मत विचारलं, तीही विधवाच. म्हणाली, "मला तांदूळ निवडू दे."

११ फेब्रुवारी

मल्हारीकडे गेलो. नुकसान काय, विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व राहू दे म्हटलं. लग्न झाल्यावर घरात काय अडेल, ते सांग. त्याची बायको लंकाच आतून म्हणाली, "नळावरचं पाणी कोण भरणार? पोरांना कोण बघणार? मी कामाला जाते."

मल्हारी म्हणाला, "तेच ते तत्त्व."

पुतळाबाई ओट्यावर भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं, भिमाजीच का? म्हणाल्या, "जेवताना बोलतो तो. हितं समदे रेडिओ ऐकत्यात."

१२ फेब्रुवारी

पित्त. काही लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

विहारासमोर सगळे जमले. मी सांगितलं — दोन माणसांचं एकटेपण जातं, त्यापुढे एका घरची गैरसोय काहीच नाही. पुतळाबाई गल्ली ओलांडून जाणार, विलायतेला नाही. नातवंडं तिकडे जातील-येतील. आणि मल्हारीचे दोन्ही हात धड आहेत. पाणी त्यानं भरावं. लग्न व्हावं.

कॉलनीतला कोंडाजी उठला. "उद्या समद्याच म्हाताऱ्या लग्नाला उभ्या राहिल्या तर?"

"तर समदी पोरं पाणी भरतील."

लोक इतके हसले की मल्हारीसुद्धा हसला. घरी येताना माझी चाल जरा बदललीच होती. लता म्हणाली, "सरळ चाला, गटार आहे."

२२ फेब्रुवारी

लग्न लागलं. पंचशील म्हणताना भिमाजीचा आवाज कापला. पुतळाबाईंचा नाही. पंगतीत मल्हारी स्वतः वाढत होता, आणि भिमाजीला आग्रह करकरून जिलेबी! आई थोडंसं जेवून लवकर घरी गेली.

२३ फेब्रुवारी

सकाळी आई म्हणाली, "न्याय चांगला केलास."

मी खूश. मग ती म्हणाली, "भिमाजीनं गेल्या पावसाळ्यात आधी मला इचारलं व्हतं. मी नाय म्हणले. लता शाळेत शिकवाया जाणार, तुझं पित्ताचं पथ्य. तुमचं कसं व्हायचं?"

मला सांगायचं तरी, म्हटलं.

"सांगितलं असतं, तर काय म्हणला असतास?"

संध्याकाळ झाली. आज नळावर हंडा घेऊन मी गेलो.