एक्स्टेन्शन चौदा

सुवा, फिजी. शुक्रवार, २ फेब्रुवारी
आयटीतल्या मास्टर्सचा शेवटचा टप्पा. प्रोजेक्ट ठरला : ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या तक्रारींना आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम. आमच्या बोट कंपनीत अकरा वर्षं ही हमाली मीच करतोय. प्रिंटर, पासवर्ड, पुन्हा प्रिंटर. शिउनारायण साहेब म्हणाले, डिग्री घेऊन ये, मग आयटी मॅनेजरचं बघू. ‘बघू’ म्हणजे झालंच.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
सकाळपासून सात फोन. शिवाय तिकीट खिडकीवरची मेरेसेइनी यंगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात घोळून प्यायच्या नशेच्या मुळांची जुडी घेऊन हजर. आमच्याकडे रिकाम्या हाताने कोणी काम सांगत नाही. माउसची वायर निघाली होती, एवढंच. मग तासभर बहिणीच्या लग्नाच्या गप्पा. अशाने माणूस शिकणार कसा?
संकल्प : दार बंद ठेवणे.

सोमवार, ४ मार्च
प्रोग्रॅम ऑफिसात सुरू. त्याला काही सुचलं नाही तर शेवटी लिहितो, ‘आपिसाईला फोन करा, एक्स्टेन्शन १४.’ म्हणजे मला. ही वेळ येणार नाही, पण असू दे.
फोन : एक. राँग नंबर.

शुक्रवार, ८ मार्च
फोन नाही. छान शांतता. आता मॅनेजरसारखा विचार करता येईल. अकरा वाजेपर्यंत केला.
संध्याकाळी खोलीवर यंगोनाची शेवटची जुडी कुटून, घोळून एकट्यानेच प्यायलो. वाटी रिकामी झाली की बाकीचे टाळ्या वाजवतात. त्याही मीच वाजवल्या.

मंगळवार, १९ मार्च
प्रोग्रॅमची चाचणी. मेरेसेइनी जेवायला गेली तेव्हा तिच्या प्रिंटरची वायर सैल करून आलो. निव्वळ शास्त्रीय हेतू. समोरची खुर्ची पुसून फोनजवळ बसलो.
तीन वाजता ती जिन्यात भेटली. म्हणाली, अरे, तुझा प्रोग्रॅम भलताच गुणी आहे हं! वायर बघ म्हणाला, बघितली, झालं. तुझ्यासारखा खेकसत नाही मेला! मी हसलो. अभिमान वाटला. मग खोलीत येऊन बसलो आणि फार एकटं वाटलं. एसीची हवा बाधली असावी.

शुक्रवार, १२ एप्रिल
पदवीदान. पाहुण्यांचे दोन पास मिळाले होते. आई बेटावर, तिला बोट सोसत नाही. मेरेसेइनीची ड्यूटी. दोन्ही पास खिशातच राहिले. शेजारच्या मुलीला इतके हार आले की तिच्या आईने एक माझ्या गळ्यात घातला. म्हणाली, तुझं कुणी आलं नाही का रे पोरा? म्हटलं, येतायत, गाडी लावतायत.

सोमवार, १५ एप्रिल
साहेबांना डिग्री दाखवली. म्हणाले, शाब्बास रे पठ्ठ्या! तुझ्या प्रोग्रॅममुळे आता मॅनेजर लागणारच नाही. तूसुद्धा पुढच्या महिन्यापासून अर्धाच दिवस येत जा.
ऑफिसातल्या माझ्या खोलीत आलो. प्रोग्रॅमला विचारलं, मास्टर्स झालं, आता काय करू? त्याने लिहिलं, ‘एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही अडचण राहिल्यास आपिसाईला फोन करा, एक्स्टेन्शन १४.’
माझ्या टेबलावरचा फोन उचलला. चौदा लावला.
एंगेज. म्हणजे अजून मागणी आहे मला.