हळदीचं बोट लावलेलं कार्ड

१२ जानेवारी १९८४, गुरुवार, संध्याकाळ

या आठवड्यात देवीच्या चमत्काराची नऊ कार्डं आली. मजकूर सगळ्यांचा एकच: अशीच एकवीस कार्डं लिहून पाठवा, नाही तर घरातलं माणूस दगावेल. कोपऱ्याला हळदीचं बोट. गावात वाचता येणारे थोडे, म्हणून पोस्टमननंच वाचून दाखवायचं. ऐकून घाबरले की एकवीस कार्डं लिहून द्यायचीही त्यानंच. म्हणजे ही कटकट वाढवतो कोण? मीच की.

आज ठरवलं, असलं कार्ड वाचायचंच नाही. नेमकं पहिलंच कौसाबाईचं निघालं. तिचा लेक ऊसतोडीला गेलाय, दोन महिने पत्र नाही.

"पोराचं हाय का रं?" तिनं विचारलं.

मी हो म्हणून बसलो. खुशाल आहे, असं वाचलं. का, कुणास ठाऊक.

"बघ, येवढ्या कामातबी हळद लावून धाडलंय!" म्हणाली, आणि माणूस दगावेल असं लिहिलेलं ते कार्ड तिनं देवापुढं ठेवलं.

लगेच मला उत्तर लिहायला बसवलं. 'तुझं पत्र पोचलं, लय बरं वाटलं.' त्यावर हळदीचं बोट तिनं स्वतः लावलं.

एकवीस कार्डं टळली, एक खोटं मात्र पेटीत पडलं. सकाळी पेटी मीच उघडणार. काढून फाडावं का?

नको. पोरगं सातवी शिकलंय. न धाडलेल्या पत्राची पोच मिळाल्यावर तरी लाजून एक कार्ड लिहील.