झोळीखालची रजई

३ डिसेंबर

चि. भिंगरी हिस आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मी चारदा वाचलं आणि तुझ्या बाबाला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, आई, पुरे आता. त्याला काय कळतंय? या घरात पहिल्यांदाच कुणी मला माझ्या धंद्यातलं काही विचारलं. शाळा माझी चौथीत सुटली, पण एकतीस वर्षं रजईच्या कारखान्यात पिसं निवडली, रजया तपासल्या. त्यात माझ्यापुढे कुणी डोकं चालवू नये.

आधी तुझ्या साहेबाचं. पक्ष्यांची घरटी मोजायची नोकरी, त्यासाठी माणसालाच झाडाला टांगायचं? जमीन ओली आहे, उतार आहे, म्हणून झाडांना झोळी बांधून झोपायचं, हे समजलं. पण डोंगरावर चार रात्री सलग काढायच्या, मध्येच थंडीने खाली उतरलं की नोकरी गेली, हा कुठला न्याय? आणि स्वतः म्हणे झोळीत फुगवायची गादी घालून झोपतो. झोळीत गादी! पाळण्यात पलंग घालायचीच अक्कल ही.

आता रजई. पैसे बेताचे आहेत म्हणून लाजू नको, पण फसू नको. स्वस्त वेगळं आणि भिकार वेगळं. हा फरक दुकानदाराला माहीत असतो आणि तो सांगत नाही. रंग तर बघूच नको. तुझ्या आत्याने रंग बघून मोरपंखी रजई आणली, आत नुसत्या कोंबडीच्या पिसांच्या काड्या. अंगाला टोचतात. वर म्हणते कशी, मसाज होतो. माझ्या पोटची पोरगी, पण काय बोलणार.

तू रजई मुठीत दाबायची, दहा आकडे मोजायचे आणि सोडायची. फुगून वर आली तर आत बदकाच्या छातीवरची लव आहे. तशीच चेपून बसली तर ठेव खाली. मग उजेडासमोर धर, रिकामे खण दिसतात. वास घे. ओल्या कुत्र्याचा वास आला तर पिसं धुतलेलीच नाहीत. आणि जड रजई गरम असते असं दुकानदार म्हणाला तर पायात चपला घाल आणि नीघ. जड म्हणजे काड्या. आमची मुकादमीण म्हणायची, दाबलेली लव मेलेली लव. बाई खाष्ट होती, पण खरं बोलायची.

तू लिहितेस, दुसरी रजई झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगतात. हे कुणाचं डोकं? बाहेर टांगून ऊब कुणाला द्यायची, वाऱ्याला? उगाच दुसरीचा खर्च करू नको. मला निवृत्तीला मिळालेली रजई पाठवते आहे, सगळी लव आहे. ती झोळीत पाठीखाली अंथर आणि खुशाल झोप.

बाकी क्षेम. माया आहे, ती धरून राहा.

तुझी आजी

१४ डिसेंबर

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

रजई घेतली. मी नऊ रजया दाबल्यावर दुकानदाराने विचारलं, ताई, विकत घ्यायला आलात की कणीक मळायला? दहावी फुगली. करड्या रंगाची आहे, कडेची शिवण वाकडी म्हणून स्वस्तात मिळाली. वरून इतकी गरम की तुला मिठी मारावीशी वाटली.

पण आजी, खालून मेले. तुझी रजई तू सांगितलीस तशी पाठीखाली अंथरून इथे आवारात सराव केला. पहाटेपर्यंत पाठीला कुणी बर्फाची लादी बांधली आहे असं वाटत होतं. शेवटी उठून खोलीत पळाले. साहेबांनी पाहिलं. म्हणाले, आजीबाईंचे सल्ले कपाटात ठेवायचे असतात.

दोन जानेवारीला वर जायचं आहे. खालची रजई घ्यायला आता पैसे नाहीत. तू चुकलीस असं म्हणायची माझी हिंमत नाही, पण पाठ म्हणते आहे. ही नोकरी गेली तर मी परत त्या पावत्या फाडायच्या खिडकीवर, आणि ते मला नको आहे.

लोभ असू दे, राग नको.

तुझी भिंगरी

२० डिसेंबर

चि. भिंगरी हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी तुझ्या साहेबाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते कागदावर मावणार नाही. मग म्हटलं, पोरीची पाठ खोटं कशाला बोलेल? तुझ्या बाबाला कामाला लावलं. त्याने ओसरीच्या दोन खांबांना जाड चादर बांधली. मी माझ्या पलंगावरची रजई तिच्यात अंथरली आणि चढले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. शेजारची शिंपीण कुंपणावरून बघत होती. तिला म्हटलं, बघ बाई, फुकट आहे.

भर दुपारची वेळ, पण वारा बोचरा. अर्ध्या तासात कंबरेखालून गार पडले. हात घालून पाहिलं तर रजईचा कागद झालेला. आणि मग भिंगरे, मला हसू फुटलं ते आवरेना, झोळीतून उतरताही येईना. दाबलेली लव मेलेली लव. एकतीस वर्षं मुठीत दाबून दुसऱ्यांच्या रजया नापास केल्या, आणि माझं बूड हीच एक मोठी मूठ आहे हे मला कळू नये? जन्मभर खाली गादी होती, म्हणून रजई ही पांघरायचीच वस्तू असं धरून चालले. साहेब मूर्ख आहेच. पण या खेपेला पहिला नंबर माझा.

तेव्हा बाहेरून टांगायची तीच खरी. माझी पलंगावरची उसवली. कडा आखडल्या, दोन्ही टोकांना नाडी आणि इलॅस्टिक घातलं, बाजूंना फासे शिवले. शिंपिणीने मशीन दिलं, सल्ला दिला नाही, हे तिचे उपकार. सोबत पाठवते आहे. कापड फुलाफुलांचं आहे, हसतील त्यांना हसू दे. झोळीच्या पोटाला ती खालून नुसती टेकली पाहिजे. सैल सोडलीस तर मधून वारा जाईल, ताणलीस तर लव मरेल. एक बोट सरकेल इतकीच ओढ.

मी काय पांघरते ते विचारू नको. आत्याची मोरपंखी मागवली आहे. करून घेते मसाज.

जप. चुकलेल्या आजीवरही जीव असावा.

तुझी आजी

९ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

चारही रात्री वर काढल्या. नोकरी पक्की झाली. हे आधी लिहिते, नाहीतर तू मधलं वाचायची नाहीस.

पहिल्या दिवशी फुलं बघून साहेब म्हणाले, पडदा काढून आणलात का? मी एक बोट घालून नाडी ओढली आणि आत शिरले. खालून अशी ऊब आली की सकाळी मलाच हाका मारून उठवावं लागलं. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साहेबांच्या गादीतली हवा गेली आणि ते खाली उतरले. साहेबांना नियम नसतो, त्यामुळे त्यांची नोकरी शाबूत आहे. जाताना माझ्या रजईखाली हात घालून पाहिला. काल हळूच विचारत होते, आजी एखादी शिवून देतील का? मी म्हटलं, विचारते.

तुझी निवृत्तीची रजई पाठवली आहे. आत्याची ताबडतोब परत कर.

तुझी माया अशीच खालून लागत राहो.

भिंगरी

१६ जानेवारी

चि. भिंगरी हिस अ. उ. आ.

माझी रजई पोचली. गाठोडं सोडलं तशी फुगून उभी राहिली, जशी तू पत्रात उभी राहिलीस. तुझ्या बाबाला वाचून दाखवलं. या खेपेला पुरे म्हणाला नाही, स्वतःच परत एकदा वाचलं.

आत्याला मोरपंखी परत दिलेली नाही. साहेबाची उंची कळव, ती त्याच्या मापाची कापायला घेते आहे. त्याला सांग, आजीने खास शिवली आहे, मसाजही होईल.

कळावे. लोभ दाबून ठेवू नये, फुगू द्यावा.

तुझी आजी