घुग्घुसचा अजिंक्य बाबू

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७
नवीन डायरी. खाणीकडून फुकट भेटली. काल सुरू करणार होतो, पण पहिल्या तारखेले संकल्प कोणीबी करते.
एक, रोज दोन तास बुद्धिबळ. दोन, खर्रा बंद, तंबाखू-सुपारीले हात नाई. तीन, नम्र राहणे. चॅम्पियन माणसाले हे तिसरं फार जड जाते.

५ जानेवारी, रविवार
कामगार क्लबची फायनल. सलग सातव्यांदा गुणवंतराव. म्हणजे मी.
समोर श्रावण होता. डंपर चालवते. डोकं बरं आहे त्याचं, पण प्रेशर झेपत नाई. बरोबरीत डाव चालला होता अन् त्यानं वजीर फुकट देऊन टाकला. मी पटाच्या बाजूले ड्युटी चार्टची वही ठेवतो अन् कानावर पेन्सिल. तो माहा शकुन आहे. हजेरीबाबू आहो ना, कोणाले फर्स्ट शिफ्ट, कोणाले नाइट, ते मीच लिहितो. पेन्सिलीनं लिहितो, म्हणजे खोडता येते.
डाव संपल्यावर श्रावण म्हणाला, पोट्टीले शाळेतून आणाव लागते, पुढच्या हप्त्यात फर्स्ट शिफ्ट भेटन का. देल्ली. हरलेल्या माणसाशी दिलदारीनं वागाव.
सात वर्षांत मले एकदाच मात भेटली, पंप ऑपरेटर रोशनकडून, तीबी स्पर्धेबाहेरच्या डावात. त्यानंतर योगायोगानं त्याले सहा हप्ते नाइट लागली अन् त्याचा खेळच गेला. झोप नाई तं बुद्धी नाई.

९ जानेवारी, गुरुवार
पत्र आलं. चंद्रपुरात २४ ते २६, निमंत्रितांची स्पर्धा. चंद्रपूर अन् गडचिरोली मिळून फक्त आठ खेळाडू. दोन जिल्ह्यांतले सगळे वाघ एका पिंजऱ्यात. क्लबमध्ये जाहीर करून टाकलं, पहिला नंबर आणतो, नाई तं पटाले हात लावणार नाई.
बायकोनं एकच विचारलं, तिथी आपल्या खाणीतलं कोणी आहे का. नाई म्हटलं. मंग जपून खेळा, म्हणाली. तिले या खेळातलं काई समजत नाई.

१२ जानेवारी, रविवार
करिष्मानं मोबाइलवर बुद्धिबळाचं अ‍ॅप टाकून देल्लं. लेव्हल दोन. अकरा डाव खेळलो, अकराही अ‍ॅपनं घेतले. पोरीले म्हटलं, अ‍ॅप खराब आहे, चाल परत घेऊ देत नाई. ती म्हणाली, बाबा, चाल परत घेताच येत नाई. यांच्या पिढीत माणुसकी राह्यली नाई.
खर्रा फक्त प्रॅक्टिसच्या टायमाले. आज प्रॅक्टिस सहा तास.

१७ जानेवारी, शुक्रवार
फ्लेक्स छापून आणला. सव्वीस जानेवारीची गर्दी झाली की फ्लेक्सवाला कोणाचंच घेत नाई, म्हणून आधीच. "चंद्रपूर-गडचिरोली जिंकल्याबद्दल गुणवंतराव यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त कामगार बंधू." बंधूंले विचारलं नाई. त्यांले सरप्राइज राहू दे. फोटो लग्नातला टाकला, त्याच्यात विचारात पडल्यासारखा दिसतो.

२२ जानेवारी, बुधवार
चार्टचं काम प्रणितले देल्लं. नवा क्लार्क आहे. फक्त पाच दिवसांसाठी. घोडा अडीच घर चालते हेबी माहीत नाई पोट्ट्याले. वही मात्र मी नेणार, शकुनाची आहे. त्याले म्हटलं, तू नवीन काढ.
मॅनेजर साहेब म्हणाले, निवांत जा, इथी काई अडत नाई. केवढा विश्वास माणसाचा.

२४ जानेवारी, शुक्रवार. चंद्रपूर
पहिला डाव मंगलीशी. भामरागडकडची वनरक्षक, खाकी ड्रेसवरच आली. मनात म्हटलं, बिचारी. वही पटाजवळ ठेवली, कानावर पेन्सिल लावली. पंचानं वही उचलून नेली. लिहिलेलं काईच जवळ ठेवता येत नाई म्हणे. तिथंच माही एकाग्रता गेली.
मंग वजीर उचलला, वाटलं हे बरोबर नाई, परत ठेवला. पंच म्हणाला, हात लागला, आता तोच चालवा. घड्याळ दाबाचंबी दोनदा विसरलो. क्लबात घड्याळ भिंतीवर राह्यते. एकविसाव्या चालीले मात.
बाहेर चहा पेता पेता मोठ्या मनानं तिले विचारलं, कुठी शिकली. ती म्हणाली, पावसाळ्यात नदीले पूर आला का रस्ता बंद होते, मंग नाक्यावर आमी चार जण अन् एक पट. म्हटलं, मंग चौघांत चॅम्पियन तू?
"नाई जी. मी तं चौथी आहो. बाकी तिघांले सुट्टी नाई भेटली."
दुपारचा डावबी गेला. उन्हाची तिरीप पटावर येऊन राह्यली होती.

२५ जानेवारी, शनिवार
तीन डाव, तीन हार. पहिल्या दोघांबद्दल लिहीत नाई, त्यांचं वय सोळाच्या खाली आहे. लेकरांचं मन मोडू नाई.
तिसरे आलापल्लीचे रामाजी, डोळे मिटूनच बसतात. वाटलं, झोपले. नेहमीसारखं हळूच विचारलं, "उद्या ड्युटी काय तुमची?" क्लबात एवढं विचारलं की समोरचा घामाघूम होते. त्यांनी डोळे उघडले, म्हणाले, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. अन् माहा हत्ती मारला.
खर्रा खाल्ला. टेन्शनमध्ये डॉक्टरबी मनाई करत नसन.

२६ जानेवारी, रविवार
जिंकलो! सिरोंच्याच्या खेळाडूची बस रस्त्यातच बंद पडली, पंचानं पूर्ण गुण मले देल्ला. एकही प्यादं न गमावता विजय. असा डाव पूर्ण स्पर्धेत दुसऱ्या कोणाचा नाई.
शेवटच्या डावाबद्दल सवडीनं लिहीन.
सातपैकी एक गुण. नंबर आठवा. म्हणजे दोन जिल्ह्यांत आठवा, हे लक्षात घ्याव. मंगली पहिली आली. नाक्यावरच्या त्या तिघांले सुट्टी भेटली नाई, तेच बरं झालं.

२८ जानेवारी, मंगळवार
साहेबांनी बोलावलं. प्रणितचा चार्ट लोकांले आवडला, तक्रार नाई, चार्ट त्याच्याचकडे राहू दे म्हणाले. मले काटाघरात टाकलं, कोळशाचे ट्रक तोलाले. शिफ्टमध्ये. पहिले तीन हप्ते नाइट.
पाच दिवसांत सात वर्षं पुसली. लय लागलं मनाले. काटाघराच्या खिडकीले काच नाई, धूळ येते. फ्लेक्स लावून देल्ला तिथी, फोटो आतल्या बाजूनं.

१६ फेब्रुवारी, रविवार
अठरा दिवस नाइट. दिवसा झोप नाई. रोशनची आठवण येते.
क्लबात शिवजयंतीची स्पर्धा. पटाले हात लावणार नाई म्हटलं होतं, पण ते फक्त चंद्रपूरच्या पटाबद्दल. आज श्रावण प्रणितशी हरला, चौदा चालींत. त्या प्रणितले घोड्याची चाल बाजूचा सांगून राह्यला होता! श्रावणले कोपऱ्यात घेतलं, म्हटलं, काऊन बे, याच्याशी हरते?
"पोट्टीची शाळा आहे ना, बाबू."
घरी आलो. सात वर्षांतले त्याचे सगळे फुकटचे वजीर आठवत बसलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आज फायनल. प्रणित अन् मी. माह्याशी हराची लोकांची सवय अजून गेली नाई. त्यानं पटाच्या बाजूले वही ठेवली. कानावर पेन्सिल.
सतराव्या चालीले दिसलं. हत्ती शेवटच्या ओळीत गेला की मात, एका चालीत. जिंदगीत पह्यल्यांदा पट इतका साफ दिसला मले. श्रावणलेबी दिसलं. तो माह्याकडे पाहून राह्यला, मंग खाली पाहाले लागला.
मी वजीर उचलला अन् त्याच्या प्याद्यापुढे नेऊन ठेवला.
टाळ्या झाल्या. हात मिळवताना त्याले म्हटलं, प्रणितभाऊ, पुढच्या हप्त्यात फर्स्ट शिफ्ट भेटन का. त्यानं वही उघडली, माह्या नावावर बोट ठेवलं अन् खोडरबर शोधाले लागला. ते माह्याच खिशात होतं. काढून देल्लं.