गेशेने वाचलेला चेहरा

मंगळवार, ११ फेब्रुवारी
ओनो पिवळा पडलाय. आज बेकरीतल्या वेप्केबाईंनीही पाव बांधता बांधता तेच विचारलं — तुमच्या मेव्हण्याला काय झालंय? म्हणजे माझा एकट्याचा भास नाही. दोन साक्षी झाल्या. मी काम करतो त्या पेपरात एवढ्यावर बातमी छापली जाते. घरात तेवढं पुरत नाही.

कारण शनिवारी गेशेने त्याचा चेहरा वाचलाय. ओल्डेनबुर्गच्या आमच्या क्षारमंडळात माझ्या बायकोने चेहरा वाचला की पुढे कुणी बोलत नाही. चर्चच्या खोलीत, खिडकीपाशी, तोंड धुऊन बसायचं. ती पाहते आणि शरीरात बारा क्षारांपैकी कुठला कमी पडतोय ते सांगते; मग त्या नंबरच्या गोळ्या घ्यायच्या. ओनो तिचा सख्खा धाकटा भाऊ. पोटात कळा येतात, म्हणाला. गेशे म्हणाली, "गाल लाल आहेत. सात नंबर घे."

लाल! मी तिथे फक्त खुर्च्या मांडतो, पण पिवळ्या चेहऱ्याला सात देत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. खोलीतले सगळे पाहत होते. हिवाळ्यातला उजेड असाच, असं कुणीतरी पुटपुटलं. बस्स.

बुधवार, १२ फेब्रुवारी
ओनोकडे गेलो. 'गरम सात' घेत होता — दहा गोळ्या कढत पाण्यात, लाकडी चमच्याने ढवळून, एकेक घोट तोंडात धरून. ताटातला हिरवा कोबी तसाच, सॉसेजही तसंच. हा माणूस सॉसेज टाकतो म्हणजे! डोळ्यांचे पांढरे भागसुद्धा पिवळे. डॉक्टरकडे चल म्हटलं.

"गेशेने पाहिलंय. तू आपल्या खुर्च्या मांड, हायो."

हसला. मग पोट धरून बसला.

गेशे चुकली? इतक्या वर्षांत इतकं ढोबळ कधी चुकलेली नाही. दुसरं कारण सुचतंय, ते लिहवत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
ऑफिसातून आलो आणि मिशी काढली. लग्नाआधीपासूनची. चहा झाला, जेवण झालं, समोरासमोर. गेशे माझ्या कानाजवळ कुठेतरी पाहत बोलत होती. मिशीबद्दल अवाक्षर नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सकाळी निघताना दारात तिने मुका घेतला आणि थबकली. माझ्या ओठांवरून बोट फिरवलं.

"कधी काढलीस?"

"काल. चहाच्या आधी."

खुर्ची चाचपून खाली बसली. मग एकेक बाहेर आलं. पानगळीपासून नजरेच्या मधोमध डाग आहे. कडा दिसतात, चेहरे पुसले गेलेत. माणसं आवाजावरून ओळखते, बाकी जुन्या आठवणीवर भागवते. ओनोचे गाल लहानपणापासून लालबुंद, म्हणून लाल म्हणाली. ईस्टरनंतर मंडळ सोडणारच होती, म्हणे.

"तो पिवळा आहे, गेशे. डोळ्यांपर्यंत."

तिने फोन मागितला. मी सांगतो म्हटलं, तर मान हलवली — तुझं तो ऐकायचा नाही. खरं होतं.

"ओनो, मी तुझा चेहरा पाहिलाच नाही. मला चेहरे दिसत नाहीत. ते सात राहू दे. हायो गाडी घेऊन येतोय, कोट चढव."

पलीकडून "बरं" — एवढंच.

दुपारी त्याला हॉस्पिटलात दाखल केलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी
पित्ताच्या नळीपाशी गाठ आहे. बरेच दिवस वाढत असणार, डॉक्टरबाई म्हणाल्या. अजून काढता येईल असं त्यांना वाटतं, खात्री देत नाहीत. गेशे वॉर्डाबाहेर बाकावर बसून आहे. आत जात नाही. माझ्यामुळे गेला तर, एवढंच म्हणते. मी म्हणालो, पाहणारे आम्हीही होतो. ऐकलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
गेशे खाली चहा प्यायला गेली तेव्हा ओनो बोलला. नोव्हेंबरात बाजारात त्याने हात केला होता, ती त्याच्या समोरून तशीच निघून गेली. तिला चेहरे दिसत नाहीत हे तेव्हाच त्याच्या लक्षात आलं. आणि आरसा काय, त्याच्याही घरात आहे; आपण पिवळे पडलोय हे त्याला दिसत होतंच.

"म्हणून तर तिच्यापुढे बसलो. दुसऱ्या कुणीही खरं सांगितलं असतं."

उद्या सकाळी शस्त्रक्रिया. त्याआधी हे तिला तोच सांगणार आहे.