आबा आणि दादाची कुस्ती

शनिवार, ८ फेब्रुवारी १९७५

ऐन उमेदीतले आबा आणि आजचा दादा लढले असते, तर कोण जिंकलं असतं? मला नाही सांगता येत. संध्याकाळी तालमीचे वस्ताद आमच्या सोप्यात हीच कुस्ती रंगवत होते. "आबांच्या ढाक डावापुढं त्यांचंच पोरगं टिकलं नसतं की!"

दादा हसला. "व्हय, गोष्टीतला पैलवान कधी हरतोय?"

साठीतले आबा ताडकन उठले. "उद्या मातीत ये. बघू."

सगळे हसले. आबांच्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घरात फक्त मीच वाचली. एक झटापटही जिवावर बेतेल, असं तिच्यात आहे. मी मात्र सगळ्यांना 'थोडी विश्रांती' एवढंच सांगितलं. का? तेव्हा सगळे घाबरतील म्हणून. आणि आबांना आता सांगितलं, तर ते ईर्ष्येनं मुद्दाम उतरतील.

मगाशी दादाला परड्यात नेऊन चिठ्ठी शब्दन् शब्द मराठीत वाचून दाखवली. उद्याची कुस्ती मोडायची, तर आता त्यालाच माघार घ्यावी लागेल.