डागी आंबा

मंगळवार, मे महिना. घणसोली.

सुधीर मुलांना घेऊन गावाला गेला, त्याला आज आठ दिवस झाले. मला नेलं नाही. "तुझ्या चिडचिडीने पोरांची सुट्टी खराब होते," म्हणे. डॉक्टरबाई सांगत होत्या, उन्हाळ्यात झोप उडते, मन बिघडतं, एकटं राहू नका. तेव्हा हा बाहेर मोबाईल बघत बसला होता.

आज फोन आला. "पेटीतले आंबे खालीवर केलेस ना? खिडकी उघडी ठेव, गुदमरतात ते."

आंबे गुदमरतात! आणि मी?

तरी केले खालीवर. एक डागी निघाला. बाकीचे खराब होतील म्हणून बाजूला काढला आणि हात तिथेच थांबला. मग तोच कापून खाल्ला. गोड होता. सुधीरला सांगणार नाही.